गालिचा धुवायचा, की माळ्यावर टाकायचा?

ठाण्याहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. गेल्या वर्षी सासूबाई गावचं घर बंद करून त्यांच्याकडे राहायला आल्या, आणि सामानाबरोबर एक लोकरी गालिचा आला. सासरे नोकरीत असताना एलटीसी घेऊन काश्मीरला गेले होते, तेव्हा श्रीनगरहून आणलेला. सहा बाय चार फुटांचा, मध्ये फिका बदामी, कडेला निळी वेलबुट्टी, हाताला अगदी मऊ. सहा वर्षांचा मुलगा दिवसभर त्याच्यावरच लोळत असतो. मे महिन्यात त्याच्या ताटातलं वरण सांडलं. पिवळा डाग कपड्यांच्या पावडरीनं घासला तर तो लाल झाला. आता त्या जागेवर टीपॉय सरकवून ठेवलाय आणि सासूबाईंना अजून काही सांगितलेलं नाही. परवा सोफा हलवला तर खाली दोन ठिकाणी टक्कल पडल्यासारखं दिसलं. पाऊस सुरू झाल्यापासून कुबट वास येतोय. मुलाला सकाळी शिंका येतात. नवरा म्हणतो, सोफे धुणाऱ्या माणसाला बोलावून मशीननं शाम्पू करून घेऊ. सासूबाई म्हणतात, प्लॅस्टिकमध्ये बांधून माळ्यावर टाका. मैत्रीण विचारते, "मला तो जपायचाही आहे आणि स्वच्छही हवा आहे. कुणाचं ऐकू?"

प्रिय मैत्रिणी,

कुणाचंच नको. निदान दिवाळीपर्यंत तरी मशीनही नको आणि माळाही नको.

तुमच्या पत्रात एक गोष्ट न बोलता धरून चाललेली आहे, आणि ती आपल्या सगळ्यांच्याच अंगात मुरलेली आहे: स्वच्छ म्हणजे धुतलेलं. चादरी धुतो, पडदे धुतो, अभ्रे भिजत घालतो, पायपुसणंसुद्धा मशीनमध्ये जातं. लोकरीचं तसं नाही. ज्यांच्या घरात घोंगडी आहे त्यांना विचारा. ती दर आठवड्याला कुणी धूत नाही. झटकतात, उन्हाला टाकतात, पुन्हा अंथरतात. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात आणि मेंढीच्या अंगचा थोडा मेणचटपणाही त्यात उरलेला असतो. म्हणून सांडलेलं पाणी काही क्षण वरच्यावर उभं राहतं, आणि बराचसा मळ आत शिरत नाही.

तीच लोकर हवेतला ओलावा मात्र गुपचूप ओढून घेते. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा पोटात घेऊनही ती हाताला ओली लागत नाही. तो मशीनवाला दुपारी चारला हात फिरवून "सुकला मॅडम" म्हणेल तेव्हा तो खोटं बोलत नसेल. वरून सुकलेला असेलच. पण गालिच्याचा ताणा-बाणा बहुतेक वेळा सुती असतो. भर पावसाळ्यात, हवेत ८० टक्क्यांच्या आगेमागे आर्द्रता असताना, खालचं सूत सुकायला दिवसच्या दिवस जातात. लोकरीच्या आधी सूत कुजतं, आणि सूत कुजलं की वरच्या गाठी धरायला काही उरत नाही. शिवाय गरम पाणी आणि घासणं एकत्र आलं की ते खवले एकमेकांत अडकून लोकर जमते, म्हणजे स्वेटर मशीनमध्ये टाकल्यावर जे होतं तेच. गालिचा मऊ आहे असं तुम्ही लिहिलंय. तो मऊपणा जायला अशी एकच फेरी पुरते.

आता वास. त्याचं एक कारण पाऊस. दुसरं तपासून बघा: तुमच्या घरी फरशी पुसताना गालिचा उचलतात का? बहुतेक घरांत नाही. फिनेलच्या पाण्याचा पोछा गालिच्याच्या चारही कडांना रोज घासून जातो. झालरीची टोकं राखाडी पडलेली असतील तर उत्तर मिळालं. उद्यापासून सांगून ठेवा, आधी गालिचा अर्धा दुमडून बाजूला, मग पुसणं, फरशी पंख्याखाली पूर्ण कोरडी झाली की मगच तो परत जागेवर. आणि दोन-चार दिवस तो जमिनीवरून उचला. चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या समोरासमोर मांडून त्यांच्यावर आडवा पसरा आणि वरचा पंखा मोठा करा. खालूनही हवा लागली पाहिजे, हे महत्त्वाचं. एसी असेल तर खोली बंद करून तो लावलात तरी चालेल, एसी हवेतला ओलावा काढतो. कुबट वास निम्म्यानं तरी यातच जाईल. सुगंधी फवारे मारू नका. त्यानं दोन वास होतात, एवढंच.

खुर्च्यांवर टाकताना एक कोपरा उलटा करून पाठ बघून घ्या, कारण श्रीनगरहून आणलेलं सगळंच गालिचा नसतं. पाठीवर बारीक गाठी ओळीनं दिसत असतील, पुढची नक्षी मागेही ओळखू येत असेल आणि झालर विणीतूनच बाहेर आलेली असेल, तर तो हातानं गाठी मारून विणलेला. तोच सगळ्यात टिकाऊ. जाड फेल्टसारखं, म्हणजे न विणता दाबून एकजीव केलेल्या लोकरीचं असेल आणि वर साखळी टाक्याचं भरतकाम असेल तर तो नमदा, आणि नमद्याला पाणी अजिबात लावायचं नाही. जुन्या कांबळ्यांवर भरतकाम केलेलं असेल तर गब्बा. पाठीला कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड: लोकर नुसती टोचून मागे रबरी डिंक लावलेला. हे मी बाकीच्या वाचकांसाठीही लिहिते आहे, कारण हल्ली दुकानांत 'हॅन्डमेड' म्हणून मिळणारे पुष्कळसे टफ्टेड असतात. त्यात फसवणूक आहे असं नाही, पण काही वर्षांनी तो डिंक सुकून खाली पिठासारखा गळायला लागतो, आणि ड्रायक्लीनिंगच्या रसायनात तो सुटूही शकतो. आणि 'सिल्क फिनिश' म्हणून विकलेली चमकदार लव (वरचे उभे तंतू) व्हिस्कोजची, म्हणजे लगद्यापासून केलेल्या कृत्रिम धाग्याची असेल तर तिच्यावर साधं पाणी पडलं तरी डाग राहतो. खरी लोकर ओळखायची तर लवेचा एक तंतू काढून चिमट्यात धरून काडी लावा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर प्लॅस्टिक, मग वाटेल तसा धुवा.

डागाकडे येऊ. तुम्ही काही अघोरी केलेलं नाही. हळदीनं हळदीसारखंच वागून दाखवलं. पूर्वी कुंकू कसं करत? हळदीला चुना किंवा तसलाच खार लावून. कपड्यांची पावडरही तसलाच खार (अल्कली), म्हणून वरणाच्या पिवळ्याचं तिथंच कुंकू झालं. हे उलटं फिरवता येतं. आधी गार पाण्यात पांढरं सुती फडकं भिजवून घट्ट पिळा आणि डागावर नुसतं दाबा, उचला, फडक्याची घडी बदला, पुन्हा दाबा. घासायचं नाही. जुनी पावडर निघेपर्यंत हे चालू ठेवा. फेस दिसायचा थांबला की झालं. मग वाटीभर पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर घालून तसंच. लाल पुन्हा पिवळ्यावर येईल. (आधी हेच पाणी निळ्या वेलबुट्टीच्या एखाद्या कोपऱ्यात लावून बघा. पांढऱ्या फडक्यावर निळा उतरला तर तिथंच थांबा.) कोरड्या टॉवेलनं टिपा, पंख्याखाली वाळवा.

उरलेला पिवळा प्रकाशानं जातो. लग्नात हळद लागलेल्या साड्या उन्हात वाळत घातल्या की फिक्या होतात, तेच तंत्र. गालिचा खिडकीजवळ असा ठेवा की फक्त डागाच्या जागेवर श्रावणातल्या उन्हाची तिरीप पडेल, आणि बाकी भाग चादरीनं झाका, नाहीतर गालिच्याचे मूळ रंगही उतरतील. आठवडा-दोन आठवडे लागतील. शेवटी पिवळसर झाक राहिली तर राहू द्या. लोकर हळदीनं रंगवण्याची रीत जुनी आहे, थोडा रंग ती धरून ठेवणारच. आणि हो, यासाठी टीपॉय हलवावा लागेल.

कपड्यांची पावडर मात्र लोकरीच्या जवळ पुन्हा नेऊ नका. खाराचा त्रास आहेच, शिवाय बऱ्याच पावडरींमध्ये अंड्या-दुधाचे डाग खाणारी एन्झाइम्स असतात. लोकर प्रथिनाचीच बनलेली, तिच्यावरही ती चालतात. ब्लीच तर लोकर चक्क विरघळवतं. इंटरनेटवर सुचवतात तो खाण्याचा सोडासुद्धा खारच. खरोखर साबण लागलाच तर ईझीसारखा लोकरीचा द्रव साबण, कपभर गार पाण्यात अर्धा चमचा, आणि नंतर साध्या पाण्याच्या फडक्यानं तो पुरता काढून घ्यायचा. राहिलेला साबण चिकट होतो आणि त्या जागी धूळ जास्त बसते. तूप-तेल सांडलं तर पाणी नकोच, वर कॉर्नफ्लॉर टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी व्हॅक्यूम क्लीनरनं ओढून घ्या. चहा ताबडतोब टिपा, वाळू देऊ नका. मुलाच्या जेवणापुरती एक चटई गालिच्यावर टाकलीत तर यातलं बरंचसं वाचायची वेळच येणार नाही.

सोफ्याखालचं टक्कल मला डागापेक्षा जास्त गंभीर वाटतं. ती झीज नसावी, कारण सोफ्याखाली चालतंय कोण? ती बहुधा कसर. लोकरीला लागणारी कसर म्हणजे एका फिकट सोनेरी, गव्हाएवढ्या पतंगाची अळी. पतंग स्वतः काही खात नाही. तो अंधारी, न हलणारी जागा शोधून अंडी घालतो, आणि लोकर खाते ती अळी. टॉर्च घेऊन बघा. रेशमी जाळ्यांचे तुकडे, किंवा वाळूसारखे बारीक कण दिसतील. ते कण गालिच्याच्याच रंगाचे असतात, म्हणून लक्षात येत नाहीत. बदामी भागात बदामी, निळ्या भागात निळे. बोटांत चोळून बघा, मग कळेल.

यावर उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो. व्हॅक्यूम क्लीनर घ्या, फिरणारा ब्रश काढून नुसतं ओढणारं तोंड लावा, आणि गालिच्याची दोन्ही बाजू, विशेषतः पाठ आणि कडा, दोन-तीन दिवसांआड ओढून काढा. महिनाभर. अंडी एकदम फुटत नाहीत, म्हणून एकदा करून भागत नाही. पिशवीतला कचरा लगेच घराबाहेर टाका. सोफ्याचं बूड, पलंगाचं ड्रॉवर, स्वेटर-शाली ठेवलेली बॅग, सगळं तपासा, नाहीतर ती तिथून परत येईल. पाऊस उघडला की गच्चीवर कडक उन्हात दोन-तीन तास, अर्ध्या वेळानं उलटा करून. अळीला उजेड सोसत नाही. प्रकरण हाताबाहेर गेलेलं दिसलं तर गालिच्याचं काम जाणणाऱ्या पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, पण झुरळांचा फवारा स्वतः मारू नका. त्यानं डाग पडतो आणि वर तुमचं पोर लोळतंय.

डांबरगोळ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवणारच. त्यातलं नॅफ्थलीन घट्ट बंद पेटीत काम करतं. उघड्या हॉलमध्ये त्याचा कसरीला उपयोग नाही आणि माणसांना त्रास. काही मुलांना जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या रक्तपेशी नॅफ्थलीननं फुटू शकतात. लहान मूल असलेल्या घरात नकोच. कापूरही मुलाच्या हाती लागेल असा ठेवू नका, पोटात गेला तर फिट येऊ शकते. कडुलिंबाचा पाला घालायची परंपरा आहे, घाला, पण त्याच्या भरवशावर झोपू नका.

शिंकांबद्दल मी गालिच्याची वकिली करणार नाही. लोकर धूळ धरून ठेवते, आणि दमट हवेत त्या धुळीतले माइट्स, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव, वाढतात. गालिचा खुर्च्यांवर आणि नंतर दुसऱ्या खोलीत असेल त्या दोन-तीन आठवड्यांत शिंका कमी होतात का, ते टिपून ठेवा आणि मुलाच्या डॉक्टरांना तेच सांगा. धुळीची ॲलर्जी निघाली तर तो मुलाच्या वावरातून हलवायचा, त्यात वाद नाही. आणि मुलगा झोपतो त्या खोलीत तर गालिचा अजिबात नको.

हे सगळं पार पडलं की रोजचं काम फार थोडं आहे. आठवड्यातून एकदा लवेच्या दिशेनं व्हॅक्यूम. तळहात फिरवून बघा: एका बाजूनं गुळगुळीत लागते, दुसऱ्या बाजूनं अंगावर येते; गुळगुळीत ती दिशा. झालरीवर व्हॅक्यूम न्यायचा नाही, ती ओढली जाते. व्हॅक्यूम नसेल तर मऊ केरसुणी चालते. महिन्यातून एकदा मात्र हे करा. स्वच्छ फरशीवर जुनी चादर, तिच्यावर गालिचा पालथा, आणि पाठीवर हातानं हलकेच थापट्या. मग उचलून चादर बघा. बारीक चकचकीत रेतीचा थर दिसेल, तो वरून कितीही झाडलं तरी दिसत नाही. लोकर झिजते ती या रेतीनं. ती गाठींच्या बुडाशी बसते आणि प्रत्येक पावलागणिक तंतू कापत राहते. कठड्यावर टाकून काठीनं बडवणं टाळा, जुनं सूत त्या हिसक्यानं तुटतं. सहा महिन्यांनी गालिचा फिरवून तोंडाची बाजू बदला, म्हणजे ऊन आणि पावलं सगळीकडे सारखी पडतील. नवीन गालिचा घेतलेल्यांनी पहिले काही महिने निघणाऱ्या लोकरीच्या गोळ्यांना घाबरू नये. विणताना कापलेले सुटे तंतू असतात ते, संपतात.

मग धुवायचा कधीच नाही का? धुवायचा, तीन-चार वर्षांतून एकदा, आणि पाऊस संपून हवा कोरडी झाल्यावर. तेव्हाही घरात फेस करून नव्हे. गाठींचे गालिचे धुण्याची पद्धत वेगळी असते: आधी रेती पूर्ण झाडून काढतात, मग भरपूर वाहत्या गार पाण्यात दोन्ही बाजू धुतात, फावड्यासारख्या लाकडी पट्टीनं पाणी रेटून काढतात आणि सपाट पसरून वाळवतात. काश्मीर असो की उत्तर प्रदेशातलं भदोही, विणून झालेला प्रत्येक गालिचा विक्रीला येण्याआधी एकदा असा धुतला जातोच. मुंबई-पुण्यात काश्मिरी वस्तूंच्या जुन्या दुकानांतून हे काम आणि टक्कल पडलेल्या जागी नव्या गाठी मारण्याचं काम करून देणारे लोक कळतात. द्यायच्या आधी विचारा: रंग उतरतो का हे आधी तपासणार का, पाणी गरम की गार, वाळवणार कुठे आणि किती दिवस. "उद्या संध्याकाळी घेऊन जा" असं कुणी म्हणालं तर गालिचा उचलून परत या. टकलाच्या जागी खालचं सूत शाबूत असेल तर घाई नाही, कसर गेल्याची खात्री झाल्यावरच दुरुस्तीचा खर्च करा.

आता माळा. सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावत नाही. गावच्या मोठ्या, हवेशीर घरात वस्तू गुंडाळून ठेवणं त्यांना मानवलंही असेल. पण फ्लॅटचा माळा म्हणजे अंधार, उष्णता, बाथरूमच्या भिंतीची ओल आणि वर्षभर कुणी हात न लावणं. त्यात प्लॅस्टिक, म्हणजे ओलावा आतच कोंडलेला. कसरीला याहून चांगली जागा मिळायची नाही. कधी ठेवावाच लागला तर घडी घालू नका, घडीवर गाठी तुटतात. फ्लेक्सच्या किंवा कापडाच्या दुकानातून पुठ्ठ्याची जाड नळी मागून आणा, तिच्यावर लवेच्या दिशेनं गुंडाळा, वरून जुनी सुती चादर किंवा धोतर, नाडीनं सैल बांधा, पलंगाखाली न ठेवता कपाटाच्या वर आडवा ठेवा, आणि दर महिन्याला सोडून बघा.

पण मला विचाराल तर तो वापरातच ठेवा. पावलांखालचा, रोज झाडला जाणारा, अधूनमधून हलवला जाणारा गालिचा कसरीला आवडत नाही. मुलाला ॲलर्जी निघाली तर तो सासूबाईंच्या खोलीत जाऊ दे. मात्र व्हिट्रिफाइड टाइल्सवर गालिचा सरकतो, आणि सासूबाई काठी घेऊन चालत असतील तर ती झालरीत अडकते. खाली न सरकणारी जाळी घाला, पलंगावरून बाथरूमकडे जायच्या वाटेत तो येऊ देऊ नका.

डागाचं त्यांना सांगून टाका, आणि व्हिनेगर लावायच्या आधी सांगा. टीपॉय हलवल्यावर त्यांना तो दिसणारच आहे, तेव्हा तुमच्या तोंडून कळलेला बरा. सांगताना त्यांना हेही विचारा की गावच्या घरी तो उन्हाला कधी टाकायच्या, कुणाकडून धुऊन घ्यायच्या, आधी कुठे दुरुस्ती झाली आहे का. ही माहिती दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि धुणाऱ्याला ती लागेल. "माळ्यावर टाका" यामागे कदाचित एवढंच असेल की आपल्या घरातली एकुलती एक वस्तू नातवाच्या वरणभातानं खराब होतेय आणि ती कुणाच्या हिशोबात नाही. तसं असेल तर महिनाभराच्या कसर-मोहिमेत टॉर्च धरायचं काम त्यांच्याकडे द्या.

त्या मशीनवाल्याचा नंबर मात्र नवऱ्याला जपून ठेवू दे. कसर आवरली की सोफा त्याच्याकडून धुऊन घ्यायला माझी हरकत नाही, फक्त तो दिवस गालिचा घरच्या दुसऱ्या खोलीत असू द्या.